फॉर्मवरचे तीन चौकोन

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. लेकीच्या दप्तराच्या तळाशी, केळ्याच्या सालीखाली, शाळेचा एक फॉर्म सापडला. दप्तर म्हटलेलं तिला आवडत नाही, बॅकपॅक म्हणायचं, पण ज्यात केळ्याची सालं कुजतात ते माझ्या लेखी दप्तरच. तर फॉर्म. शाळेच्या लायब्ररीचा, एकच पान, खाली पालकांच्या सहीची रेघ आणि मधे तीन चौकोन. पहिला, माझं मूल कुठलंही पुस्तक घेऊ शकतं. दुसरा, काही ठरावीक पुस्तकं (यादी वेबसाइटवर) द्यायच्या आधी मला विचारा. तिसरा, ती पुस्तकं देऊच नका. टिक करा, सही करा, शुक्रवारपर्यंत परत पाठवा.

नवऱ्याने उभ्याउभ्या, एका हातात चहाचा कप धरून, पहिल्या चौकोनात टिक मारली आणि फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवून टाकला. मी म्हटलं अरे थांब, यादी तरी बघूया. तर म्हणे, अगं बघायचंय काय त्यात, लायब्ररी आहे, पुस्तकं असणारच.

आता यातली गंमत कळायला आमच्या घरातलं राजकारण सांगायला लागेल. आम्ही पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत राहतो. २०२२ मध्ये सिटिझन झालो, म्हणजे अध्यक्षपदासाठी मत द्यायची ही आमची पहिलीच वेळ, आणि नवरा निघाला रिपब्लिकन ट्रम्पवाला, मी डेमोक्रॅट हॅरिसवाली. त्याचं म्हणणं, आपण ग्रीन कार्डाच्या रांगेत अकरा वर्षं मुकाट उभे राहिलो, दर वेळी व्हिसाचा शिक्का मारायला मुंबईला जाताना पोटात गोळा यायचा, आणि बॉर्डरवरून कुणीही आत यायचं का? शिवाय टॅक्स, अंड्यांचे भाव वगैरे. माझं म्हणणं वेगळं, ते इथे लिहीत बसले तर लेखच वेगळा होईल. मुद्दा एवढाच की टीव्हीवर ज्यांना 'पुस्तकं बॅन करणारे' म्हणत होते त्यांचा मतदार पहिल्या चौकोनात टिक मारून ऑफिसला निघून गेला, आणि 'पुस्तकं वाचवणाऱ्यां'ची मतदार फ्रिजसमोर उभी राहून वेबसाइटवरची यादी शोधत होती.

त्या वर्षी आमच्याकडे नुसता उच्छाद होता. पेनसिल्व्हेनियाची अध्यक्ष ठरवणारी १९ इलेक्टोरल मतं, त्यात बक्स काउंटी म्हणजे तर काठावरची, त्यामुळे आमच्यावर अख्ख्या देशाचं एकदम प्रेम उतू गेलं. पत्रपेटीत रोज रंगीत कार्डांचा गठ्ठा, युट्यूबवर भरलेल्या वांग्याची रेसिपी बघावी तर मधे एक उमेदवार दुसऱ्याला सैतान म्हणतोय. ऑक्टोबरात कमला हॅरिस वॉशिंग्टन क्रॉसिंगला येऊन गेल्या, १७७६ च्या ख्रिसमसला जॉर्ज वॉशिंग्टनने जिथून डेलावेअर नदी ओलांडली तिथे. चारच दिवसांनी ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्ड्समध्ये एप्रन बांधून फ्राईज तळायला उभे. नवऱ्याने तो व्हिडिओ सासूबाईंना सांगलीला पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, तेलात हात नीट धरता येत नाहीये त्यांना.

पण पुस्तकांचं भांडण आमच्याकडे त्याच्या आधीच येऊन गेलं होतं. शेजारचं सेंट्रल बक्स स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांचा गट, पेपरात गाजत होतं. इथे डिस्ट्रिक्ट चालवणाऱ्या स्कूल बोर्डावर नऊ जण असतात, पगार नाही, निवडणूक विषम वर्षांत, आणि एरवी तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. छपराची गळती, बसचं कंत्राट, असले विषय. २०२२ च्या जुलैत त्या बोर्डाने लायब्ररीसाठी नवं धोरण आणलं, ज्यात लैंगिक वर्णन असलेल्या पुस्तकांवर आक्षेप घ्यायची सोय होती, मग मे २०२३ मध्ये दोन पुस्तकं काढली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पाच जागांची निवडणूक झाली तर पाचच्या पाच डेमोक्रॅट. डिसेंबरात बोर्डाच्या नव्या अध्यक्षबाईंनी शपथ घेतली ती बायबलवर हात ठेवून नाही, तर वादात सापडलेल्या पुस्तकांच्या चळतीवर हात ठेवून. तो फोटो मी स्टेटसला ठेवला होता. अगदी अभिमानाने, वर एक हृदयाचं चिन्ह टाकून. चळतीतलं एकही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं.

हे सगळं इतकं पेटलं कसं, तर माझ्या मते व्हर्जिनियापासून. आक्षेप जुनेच आहेत, पार १९७६ मध्ये लाँग आयलंडच्या एका शाळेतून पुस्तकं काढली होती आणि ते प्रकरण १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं होतं. पण निवडणुकीचा दारूगोळा म्हणून हे नाणं खणखणीत वाजलं ते २०२१ मध्ये, व्हर्जिनियाच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत. डेमोक्रॅट उमेदवार टेरी मॅकऑलिफ डिबेटमध्ये बोलून गेले की शाळेने काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये असं मला वाटतं. झालं. समोरच्या रिपब्लिकन ग्लेन यंगकिन यांनी ते वाक्य उचललं, आणि एका आईची जाहिरात काढली जिच्या मुलाला बारावीत टोनी मॉरिसनची कादंबरी अभ्यासाला होती आणि तिने त्यावर तक्रार केली होती. डेमोक्रॅट म्हणाले नोबेलवाल्या लेखिकेचं पुस्तक, लाज वाटत नाही? यंगकिन दोनेक टक्क्यांनी निवडून आले. राजकारणातल्या लोकांना यावरून एवढंच कळलं की आईला राग आला की मतं हलतात.

मग काय, रांगच लागली. फ्लोरिडात रिपब्लिकन गव्हर्नर रॉन डिसँटिस अध्यक्षपदाच्या तयारीत होते, त्यांनी आक्षेप घेणं सोपं करणारे कायदे केले, आणि मार्च २०२३ मध्ये पत्रकार परिषद घेऊन, पुस्तकांतली पानं दाखवून, बुक बॅन वगैरे सगळी थाप आहे असं सांगितलं. बायडननी एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा उभं राहत असल्याचा व्हिडिओ काढला त्यात पुस्तकांवरच्या बंदीचा विषय होता. त्याच उन्हाळ्यात मॉम्स फॉर लिबर्टी या, शाळेतल्या अशा पुस्तकांवर आक्षेप घेणाऱ्या आयांच्या संघटनेचं संमेलन फिलाडेल्फियात भरलं, आमच्यापासून तासाभरावर, आणि तिथे ट्रम्प, डिसँटिस, निकी हेली, विवेक रामस्वामी, सगळे हजेरी लावून गेले. संघटना जेमतेम अडीच वर्षांची, आणि अध्यक्षपदाचे उमेदवार ओळीने भाषणाला! आपल्याकडे पंढरपूरला आषाढीच्या पूजेला जशी नेत्यांची धावपळ असते तसं. जुलै २०२४ मध्ये हॅरिस शिक्षकांच्या युनियनपुढे बोलल्या, आम्हाला असॉल्ट वेपन्सवर (म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर) बंदी हवीय आणि त्यांना पुस्तकांवर. टाळ्याच टाळ्या. मीही स्वयंपाकघरात एकटीने वाजवली.

आकड्यांवरूनही मारामारी. पेन अमेरिका ही लेखकांची संस्था म्हणते २०२३-२४ या शालेय वर्षात १०,०४६ वेळा पुस्तकं शाळांतून हटवली गेली, त्यातली साडेचार हजारांवर एकट्या फ्लोरिडात आणि छत्तीसशेवर आयोवात. नवरा म्हणतो हा आकडा फुगवलेला, कारण एकच पुस्तक चार डिस्ट्रिक्टमधून काढलं तर चार धरतात, आणि चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवलेलंही बॅनच धरतात, आणि अॅमेझॉनवर दोन दिवसांत घरी येतं त्याला बॅन कसं म्हणायचं. मोजायची पद्धत तशीच आहे, हे खरं. पण ज्या मुलाच्या घरी अॅमेझॉनचा खोका येत नाही, त्याच्यासाठी शाळेची लायब्ररी हीच लायब्ररी, आणि तिथलं पुस्तक चौकशीच्या नावाखाली वर्षभर कपाटात कुलूपबंद राहिलं तर त्या वर्षापुरतं ते बॅनच झालं ना. यावर आमचं एका रविवारी इतकं वाजलं की इडलीचं पीठ उतू जाऊन ओट्यावर आलं तरी कुणी उठेना.

असो. यादीकडे येते. यादीत वीसेक नावं होती. मी ठरवलं त्यातलं जे सगळ्यात बदनाम आहे तेच वाचायचं, माया कोबाबेचं जेंडर क्वीअर, आपण ना बाई ना पुरुष असं वाटणाऱ्या माणसाचं २०१९ मध्ये आलेलं चित्रमय आत्मचरित्र, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेपांच्या यादीत लागोपाठ तीन वर्षं पहिलं. गावातल्या पब्लिक लायब्ररीत मिळालं. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता स्कॅन करून हातात दिलं. मी मात्र ते कोथिंबिरीच्या पिशवीत घालून घरी आणलं, का ते मला विचारू नका.

एका बैठकीत संपलं. ज्या पानांचे फोटो बोर्डांच्या मीटिंगांमध्ये फडकवतात ती पानं आहेत त्यात, मोजून मूठभर, आणि ती बघताना मला संकोच वाटला. खोटं कशाला बोलू. चौदा वर्षांच्या लेकीच्या हातात हे चित्र, असा विचार आला आणि पोटात कसंतरी झालं. आणि उरलेलं पुस्तक? पाळीची धास्ती, डॉक्टरकडच्या तपासणीची भीती, आपण सगळ्यांसारखे का नाही हे कुणालाच सांगता न येणं. बत्तीस वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका मुलीला यातलं निम्मं तरी कुणी चित्र काढून समजावलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्याच बैठकीत वाटलं. दोन्ही गोष्टी वाटल्या एकाच वेळी, एकाच बाईला, आणि टीव्हीवर मात्र यातल्या एकीला डेमोक्रॅटांचा निळा रंग आणि दुसरीला रिपब्लिकनांचा लाल.

मिरजेवरून आठवलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाचनालय होतं, महिन्याची वर्गणी पाच की सात रुपये. तिथल्या बाई डोळ्यांवरून चष्मा खाली ओढून पुस्तकाकडे बघायच्या, मग माझ्याकडे. काही पुस्तकं सरळ द्यायच्या. काही पुस्तकं घेऊन गेले की म्हणायच्या, हे आईच्या कार्डावर ने. आणि एकदोन त्यांच्या ड्रॉवरमधेच असायची, ती मागायची हिंमत कॉलेजला गेल्यावर आली. त्यांना कुठल्या पक्षाने नेमलं नव्हतं आणि धोरण क्रमांक अमुक असलं काही नव्हतं. त्यांना मी माहीत होते, माझी आई माहीत होती आणि पुस्तक माहीत होतं, झालं. अर्थात माझ्या मैत्रिणीला त्यांनी जातीवरून पुस्तकं नाकारली असं ती पुढे अनेक वर्षांनी म्हणाली, त्यामुळे त्या ड्रॉवरचे फार गोडवे मी गात नाही.

ऑक्टोबरात आमच्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची मीटिंग होती, ती बघायला गेले. शाळेचं कॅफेटेरिया, मुलांच्या उंचीचे बाक, त्यावर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. प्रत्येकाला माईकवर तीन मिनिटं, समोर घड्याळ, हिरवा पिवळा लाल दिवा. एका बाईंनी पुस्तकातलं पान मोठ्याने वाचायला घेतलं तर अध्यक्ष म्हणाले थांबा, मीटिंग लाइव्ह जातेय, मुलं बघत असतील. बाई म्हणाल्या, मग शाळेत कशी चालतात? निम्म्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग एक बाप्या आला, तो म्हणाला तुमच्या मुलाला नको असेल तर तुमच्या मुलाला थांबवा, माझ्या मुलाच्या आई तुम्ही नाही. उरलेल्या निम्म्यांनी वाजवल्या. आणि खरं सांगू, माझ्या मते सगळं भांडण या दुसऱ्या वाक्यात आहे, कारण एकाने तक्रार करायची आणि पुस्तक अख्ख्या शाळेतून उठायचं हे काही केल्या मला पटत नाही. पण टाळ्या ज्या बाजूला आधीच ठरल्या होत्या त्या बाजूलाच पडत होत्या. लाल टोपीवाल्यांनी लाल टोपी बघून वाजवल्या, निळ्या बिल्लेवाल्यांनी निळा बिल्ला बघून.

त्यातल्या एकाच माणसासाठी कुणीच वाजवल्या नाहीत. रिटायर झालेल्या एक शाळा-लायब्ररियन, सत्तरीच्या, हातात कागद. त्यांनी तीन मिनिटं फक्त एवढंच सांगितलं की लायब्ररीत पुस्तक येतं कसं. कुठल्या नियतकालिकातली परीक्षणं वाचतात, वयोगट कसा बघतात, वर्षाचं बजेट किती तुटपुंजं, आणि दर उन्हाळ्यात न वाचली गेलेली, फाटकी, जुनाट माहितीची पुस्तकं छाटायला लागतात, त्याला वीडिंग म्हणतात, तण काढणं. म्हणाल्या, मी चाळीस वर्षं तण काढलं, एका बोर्डाने कधी विचारलं नाही की काय काढलंस. लाल दिवा लागला, त्या थांबल्या, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गेल्या. लोक फोनमध्ये डोकं घालून बसलेले. मला उठून त्यांच्या मागे जावंसं वाटलं पण मधे तीन जणांचे गुडघे होते.

आमच्या मराठी मंडळात तर याहून मजा. व्हॉट्सअॅप ग्रुपचा नियम आहे, नो पॉलिटिक्स, त्यामुळे सगळं पॉलिटिक्स गणपतीच्या पोटलकला पुरीभाजीच्या रांगेत होतं. एक काका आहेत, कट्टर डेमोक्रॅट, फ्लोरिडाचं नाव काढलं की म्हणतात ही हुकूमशाहीची सुरुवात आहे. हेच काका २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी विद्यार्थी सेनेच्या आंदोलनानंतर अभ्यासक्रमातून काढली तेव्हा म्हणाले होते, बरंच झालं, आपल्या माणसांबद्दल वाट्टेल ते लिहायचं आणि पोरांनी ते परीक्षेला वाचायचं? मी आठवण करून दिली तर म्हणाले तो विषय वेगळा. आणि दुसरे एक दादा, ट्रम्पवाले, त्यांचं बरोब्बर उलटं, त्यांना मुंबईतली गळचेपी आजही खुपते पण इथे मात्र पालकांचा हक्क. दोघांच्या ताटात एकच श्रीखंड. मी माझ्याही बाजूचं सांगते, कॅलिफोर्नियात बरबँकच्या शाळांनी २०२० मध्ये वंशद्वेषी शब्दांवरच्या तक्रारींनंतर काही गाजलेल्या कादंबऱ्या वर्गात शिकवायच्या यादीतून काढल्या, तेव्हा मी स्टेटस ठेवलं नव्हतं. आणि युटातल्या एका डिस्ट्रिक्टने २०२३ मध्ये कुणीतरी तक्रार केली म्हणून चक्क बायबल लहान वर्गांच्या लायब्ररीतून काढलं, तेव्हा मी खदाखदा हसले होते. महिन्याभरात ते परत ठेवलं, तेव्हा जरा हिरमुसलेही.

शुक्रवार कधीच होऊन गेला होता. फॉर्म फ्रिजवरच. लेकीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, आई, लायब्ररीत आम्ही एसी असतो म्हणून जातो.

पाच नोव्हेंबरला सकाळी दोघं एकाच गाडीतून मत द्यायला गेलो. रांगेत दीड तास. पुढे तो, मागे मी, मधे एक आजोबा, त्यांना वाटलं आम्ही एकमेकांना ओळखत नाही, इतके गप्प. बक्स काउंटीत जवळजवळ चार लाख मतं पडली आणि ट्रम्प काही शे मतांनी पुढे राहिले, म्हणजे आमच्या काउंटीचं मराठी मंडळ आणि तेलुगू मंडळ मिळून फिरवता आलं असतं इतकं. १९८८ नंतर पहिल्यांदा इथे रिपब्लिकन उमेदवार. आणि याच काउंटीत एका वर्षापूर्वी सेंट्रल बक्सने पुस्तकांवरून पाचच्या पाच डेमोक्रॅट निवडून दिले होते. बाहेरच्या लोकांना हे कोडं वाटतं. मला नाही वाटत, माझ्या घरात कोडं रात्री नऊनंतर भांडी डिशवॉशरमध्ये लावत असतं.

जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारच्या शिक्षण खात्याने पुस्तकबंदीविरुद्धच्या ११ तक्रारी निकालात काढल्या, बायडनच्या काळात त्यासाठी नेमलेलं पद रद्द केलं, आणि त्याच्या प्रेस नोटमध्ये शब्दच वापरला होता, बायडनचं थोतांड. नवऱ्याने ती लिंक मला पाठवली, शेजारच्या खोलीतून. खाली हसणारा चेहरा. मी उत्तर दिलं नाही, पण रात्री भाजीत मिरची जास्त पडली असं तो म्हणाला.

फॉर्मचं राहिलं. शाळेकडून दुसरं स्मरणपत्र आलं, मग तिसरं, शेवटी एक दिवस ऑफिसमध्ये लंचला बसल्याबसल्या मी ऑनलाइन फॉर्म उघडला. पहिल्या चौकोनावर बोट नेलं, मागे घेतलं. तिसऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्यात टिक केली, मला विचारा, आणि सबमिट. घरी येऊन फ्रिजवरचा कागद, नवऱ्याच्या टिकसकट, काढून रिसायकलिंगच्या डब्यात टाकला. त्याला वाटलं तोच शाळेत गेला.

तेव्हापासून फोनवर शाळेचा नंबर दिसला की माझं काळीज हलतं. एकदा ताप आला म्हणून होता, एकदा बस चुकली म्हणून, एकदा चेलोचं भाडं भरलं नाही म्हणून. पुस्तकासाठी अजून एकदाही आलेला नाहीये. लेक सध्या ड्रॅगनांचं सहाशे पानी काहीतरी वाचतेय, त्याचे म्हणे पाच भाग आहेत. आणि नवऱ्याला हे अजून माहीत नाही, आणि इथे लिहिलं म्हणून कळेल असंही नाही, कारण मराठीत दोन परिच्छेदांच्या पुढे गेलं की त्याला सोफ्यावर बसल्याबसल्या झोप लागते.